तिसरा रकाना

ती घटना आजही आठवते, आणि हमखास आठवते ती मत देऊन बाहेर पडल्यावर. डाव्या तर्जनीवर शाईची रेघ असते, आजूबाजूला लोक बोट वर करून फोटो काढत असतात, आणि मी माझा हात खिशात घालतो. घरच्यांना वाटतं, निवृत्तीनंतर माणूस तुसडा झाला. वाटू दे.

तेव्हा मी महाड-पोलादपूरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, वाडीचं लिहीत नाही, माणसांची तर नाहीच. ओळखणारे ओळखतील आणि गप्प बसतील. त्या भागात गप्प बसायची सवय जुनी आहे.

वाडी डोंगराच्या सोंडेवर. तीसेक घरं, नाचणी-वरीची उतरती शेतं, गुरं, एक देऊळ आणि एक शाळा. गाडीरस्ता पायथ्याच्या ओढ्यापाशी संपतो. तिथून वर चढायला मला सव्वा तास लागायचा, वाडीतल्या बाईला डोक्यावर गाठोडं घेऊन पाऊण तास. आजारी माणूस खाली आणायचा तर डोलीतून. डोली म्हणजे बांबूला बांधलेलं जाड कांबळं. घरटी एक खांदा द्यायचा, असा गावकीचा नियम. गावकी म्हणजे घराघरांतल्या कर्त्या पुरुषांची बैठक, आणि तिला जोडून मुंबईत नोकरीधंद्याला असलेल्यांचं मंडळ. लग्न, मयत, पालखी, पाणी, सगळं गावकी ठरवणार. मतदानही.

त्या विधानसभा निवडणुकीला गावकीने देवळात नारळ ठेवून ठरवलं की रस्ता नाही तर मत नाही. बहिष्काराचं निवेदन तहसील कार्यालयात पोचलं, तिथून प्रत माझ्याकडे. मी बीट अंमलदाराला पाठवून समजूत घालायचा प्रयत्न केला, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि कामाला लागलो. निवडणुकीत ठाणेदाराला काम किती असतं ते ठाणेदारालाच ठाऊक. बंदोबस्ताच्या याद्या, वायरलेसचे संच, बॅटऱ्या, जेवणाची पाकिटं, ड्युटीवरच्यांच्या मतदानाची प्रमाणपत्रं, होमगार्डांची हजेरी. वाटप करताना माझा आवाज चढलेला होता. वरून तोंडी सूचना होती की बंदोबस्तातल्या एकाचंही मतदान चुकता कामा नये. "कागद घेतलाय तो वापरायचा," मी सगळ्यांना दम दिला. "कोरा परत आणलात तर माझ्याशी गाठ आहे." मग गाड्या सुटल्या. वाडीवर मी एक अनुभवी पोलीस नाईक आणि एक होमगार्ड दिला होता.

मतदानाच्या दिवशी दुपारी मी स्वतः वर गेलो. शाळेत केंद्राध्यक्ष, त्यांचे कर्मचारी आणि माझी दोन माणसं माश्या मारत बसली होती. समोर देवळाच्या ओट्यावर अख्खी वाडी बसलेली. कुणी घोषणा देत नव्हतं, कुणी उठत नव्हतं. सगळे शाळेच्या दाराकडे बघत होते. मी ओट्यापाशी जाऊन दोन शब्द बोललो, तर एक बाई म्हणाली, "सायब, उन्हात नका उभे राहू."

शाळेत परत आलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ तांब्या-पेला घेऊन आत आले. त्यांचं घर शाळेला लागूनच होतं. वाडीत त्यांना तात्या म्हणत. त्यांनी आधी केंद्राध्यक्षांना पाणी दिलं, मग मला. मी विचारलं, "तात्या, तुमच्या गावकीला चालतं का हे?"

"बहिष्कार मताला हाय," ते म्हणाले. "पाण्याला नाय."

मी ते पाणी प्यायलो आणि उतरलो.

तीन दिवसांनी मोजणी झाली. वाडीच्या यंत्रात शून्य निघायला हवं होतं. एक निघालं.

आकडा वाडीत पोचायच्या आधी मुंबईत पोचला. मोबाइलवर निकालपत्रकाचे फोटो फिरले, आणि पायथ्याच्या एका कार्यकर्त्याने त्यात मसाला घातला की वरच्या वाडीत एक तरी शहाणा माणूस आहे, त्याला आमचा नमस्कार. तो कोणत्या पक्षाचा, जिंकलेल्या की हरलेल्या, ते सांगून आता उपयोग नाही.

मला यातलं काहीच कळलं नाही. कळलं ते पंधरा-एक दिवसांनी, वीर रेल्वे स्टेशनवरच्या एका रिक्षावाल्याकडून. पोलिसांचे खबरे म्हटले की लोकांना अंधारातली माणसं दिसतात. माझे चांगले खबरे कायम भर उन्हात गिऱ्हाइकाची वाट बघत उभे असायचे. गाडीतून उतरलेला मुंबईकर रिक्षात बसला की त्याला गावाचं सगळं बोलायचं असतं, आणि रिक्षावाला ऐकतो. हा माणूस महाडला ठाण्याच्या कामासाठी मी थांबलो असताना माझ्यापाशी आला. म्हणाला, "साहेब, वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याला वाळीत टाकलाय. मत दिलं म्हणून. बायको आजारी हाय त्याची, कोणी डोलीला हात लावत नाय. मंडळाचे लोक बोलत होते, हसत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी आटोपून मी चढायला सुरुवात केली. सोबत बीट अंमलदार. कुठल्या म्हाताऱ्याकडे जायचं ते विचारावं लागलं नाही. शाळेला लागून असलेल्या घराच्या अंगणातून जाणारी पायवाट काट्याची फांदी टाकून बंद केली होती. लोक वळसा घालून जात होते.

तात्या दारातच होते. आत खाटेवर त्यांची बायको उशांना टेकून बसली होती. पाय सुजून चकाकत होते आणि प्रत्येक वाक्याला तिला दोनदा थांबावं लागत होतं. झोपलं की जीव गुदमरतो, म्हणून ती रात्रंदिवस बसून होती. आशा ताईने गोळ्या दिल्या होत्या आणि खाली न्यायलाच हवं असं बजावलं होतं. मुलगा नाही. एकच मुलगी, दासगावला दिलेली. तिला निरोप धाडला का, असं विचारलं तर तात्या म्हणाले, "तिच्या सासरी सांगू काय? बाप वाळीत पडला म्हणून?"

मी जबाब घ्यायला बसलो. झालं होतं ते असं. आकडा कळल्यावर गावकीने सगळ्यांना देवळात बोलावलं आणि डावे हात पुढे करायला लावले. कुणाच्याच बोटाला शाई नव्हती. तात्यांचं नख मात्र काळं होतं. गाईचा खूर फाटला होता, त्याला त्यांनी बिब्बा लावला, तो नखात मुरला. बिब्ब्याचा डाग त्या वाडीत पोरंही ओळखतात. पण गावकीने म्हटलं, शाई लपवायला वरून बिब्बा लावला. शिवाय पाणी द्यायला म्हणून शाळेत दोनदा आत गेलेला वाडीतला हाच एक माणूस. मग त्यांच्यापुढे नारळ ठेवला. उचला आणि देवासमोर सांगा, मत दिलं नाही म्हणून. तात्यांनी नारळाला हात लावला नाही.

"का?" मी विचारलं.

"मत दिलं का नाय दिलं, कुणाला दिलं, ते सांगायचं नसतं."

"अहो, दिलं नसेल तर नाही म्हणायला काय जातं?"

तात्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. पहिलं मत द्यायला ते खालच्या गावी चालत गेले होते. तिथल्या कारकुनाने कागद हातात देताना सांगितलं होतं की बाहेर पडल्यावर बापालाही सांगायचं नाही. बाप वाटेवर उभाच होता. त्याने विचारलं, यांनी सांगितलं नाही, बापाने कानाखाली वाजवली, तरीही सांगितलं नाही. "बापाला सांगितलं नाय," तात्या म्हणाले, "आता देवाला सांगू? का तुमाला?"

"मला पन नाय सांगितलं कधी," खाटेवरून त्यांची बायको म्हणाली. दम घेऊन पुढे म्हणाली, "एवढी वर्षं भाकऱ्या घातल्या याला." आणि ती हसली. मला अजून त्या हसण्याचा राग येतो. कुणावर, ते कळत नाही.

मग तात्यांनी फळीवरून एक वही काढली. एक म्हणजे खरं तर तीन वह्या दोऱ्याने एकत्र शिवलेल्या. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, अक्षर मोत्यासारखं. पानावर तीन रकाने आखलेले. कोण आला, काय म्हणाला, काय झालं.

वाडीला मत मिळाल्यापासूनच्या सगळ्या निवडणुका त्यात होत्या. पहिल्या काही पानांवरचं तात्यांनी म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेलं, पुढचं डोळ्यांनी पाहिलेलं. पहिला प्रतिनिधी पायी आला होता, ओसरीवर भाकरी खाल्ली, रस्ता करतो म्हणाला. तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, नाही. त्याच्यानंतरचा पायथ्यापर्यंत जीपने आला, वर यायला त्याला दम लागत होता, म्हणून वाडीने त्याला डोलीत घालून आणला. डोलीतून उतरता उतरता तो म्हणाला की आता माझ्या लक्षात आलं तुमचं दुखणं, रस्ता झालाच समजा. नाही. मग मतदारसंघाची हद्द बदलली, गावं इकडची तिकडे झाली, वाडी होती तिथेच राहिली. पुढचा प्रतिनिधी हद्द कळली नाही म्हणून आलाच नाही. त्याच्यापुढे "फोटो आला" एवढंच. मग एकाने रस्त्याची मोजणी करवून घेतली. त्याच्यानंतरच्याने परत मोजणी. तिसऱ्या वेळी खडी पडली. पुढच्या ओळीत तात्यांनी लिहिलं होतं, खडी ओढ्यात गेली. कुठे शिवी नाही, टोमणा नाही. मी पंचनामे लिहिण्यात आयुष्य घालवलं, पण इतका नेटका पंचनामा मला कधी जमला नाही.

"गावकीनं कोनाला द्यायचं ठरवलं तेही लिवलंय बघा," तात्या म्हणाले. "नारळ ठेवून ठरायचं. ते गावाचं, म्हनून वहीत. मी काय केलं ते माझं."

मी वही मिटली आणि कामाचं बोललो. "फिर्याद द्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, मी आजच गुन्हा दाखल करतो."

"नाय. याच माणसांत मरायचंय."

"बरं. मग आजींना तरी आत्ता खाली नेतो. माझे चार पोलीस बोलावतो, डोली धरतील."

या वेळी उत्तर आजींनी दिलं. शब्द तोडत तोडत म्हणाल्या, "सायब, पोलिसांच्या खांद्यावरनं उतरले तर मला परत वर कोन आनील? याला एकट्याला हितं कोन बघंल? तुमी ते मत शोधा. कोनी दिलं ते गावाला सांगा. मग आपली मानसं येतील, मी जाते डोलीत."

बीट अंमलदार माझ्या कानात म्हणाला की ऐकू नका, उचलून नेऊ. तो बरोबर होता. पण त्या बाईने मला एक काम सांगितलं होतं आणि ते मला जमण्यासारखं वाटलं. मत शोधणं. पोलिसाला तपास दिला की त्याला बरं वाटतं. मी म्हणालो, "आठ दिवस द्या. आठ दिवसांत सांगतो." तात्यांनी पेन घेतलं आणि वहीत काहीतरी टिपलं. मी उठलो होतो, काय लिहिलं ते पाहिलं नाही.

गावकीच्या प्रमुखाला मी ठाण्यावर बोलावलं. पन्नाशीचा, शांत, इस्त्रीचा सदरा. खोटं बोलायला आलेला माणूस खुर्चीच्या कडेवर बसतो. हा ऐसपैस बसला होता, कारण त्याच्या मते तो खोटं बोलतच नव्हता.

"वाळीत टाकलंत?"

"छे साहेब. वाळीत-बिळीत काय नाय. आम्ही फक्त बोलत नाय."

"आणि डोली?"

"डोली गावकीची हाय. त्यांनी गावकी सोडली. आम्ही नाय काढलं त्यांना."

"बाई मरेल."

तो खाली बघत म्हणाला, "माझी चुलती लागते साहेब ती. मला काय आनंद हाय काय? पण एकाला सोडलं तर उद्या गावकीचं कोण ऐकणार? एकी म्हणून तर आजपर्यंत टिकलो. एका मतानं सगळं घालवलं. आता जो निवडून आला तो म्हणणार, यांच्यात फूट हाय, कशाला रस्ता द्यायचा." आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोलिसी नोकरीत मी रडणारे बदमाश पुष्कळ पाहिले. हा बदमाश नव्हता, आणि त्यामुळे त्याच्याशी काय करावं ते मला सुचेना.

मत कुणी दिलं हे कळायचा सरळ मार्ग एकच होता. मतदान केंद्रावर मतदारांची नोंदवही असते, मत देणाऱ्या प्रत्येकाची तीत सही किंवा अंगठा असतो. पण ती निवडणुकीनंतर सीलबंद होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाही. मी पत्र लिहिलं, अपेक्षित उत्तर आलं. त्यात तीन दिवस गेले. मग मी केंद्राध्यक्षांना महाडला त्यांच्या घरी जाऊन भेटलो. पेशाने शिक्षक. चहा झाला, हवापाण्याचं झालं, मुद्द्यावर आलो तसे ते आखडले. "साहेब, मतदान गुप्त असतं. मी काही बोलणार नाही."

"बोलू नका. एवढंच सांगा, वाडीतलं कुणी आलं होतं का?"

त्यांनी कपबशा उचलून आत नेऊन ठेवल्या. मग म्हणाले, "मतदार आला की त्याच्या नावाखाली यादीत रेघ मारायची असते. त्या वाडीच्या यादीवर मी एकही रेघ मारलेली नाही."

मी त्यांचे आभार मानून जीपमध्ये बसलो. यादीत रेघ नाही, यंत्रात मत आहे. पोलादपूरच्या अलीकडे मी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. तो विचारत होता, काय झालं साहेब, बरं वाटत नाही का. मी म्हणालो, चल, ठाण्यावर चल.

ठाण्यावर जावक बारनिशी काढायला लावली. बारनिशी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची नोंदवही. निवडणुकीच्या आदल्या आठवड्याचं पान उघडलं. ड्युटीवरच्या मतदानाची प्रमाणपत्रं, कुणाला कोणती दिली त्याची यादी, खाली माझी सही. या प्रमाणपत्रावर माणूस स्वतःचं केंद्र सोडून, जिथे ड्युटी आहे तिथे मत देऊ शकतो. त्या वाडीवर गेलेल्या पोलीस नाइकाचं नाव यादीत होतं. तो महाड शहराचा मतदार, म्हणजे मतदारसंघ तोच.

त्याला बोलावून घेतलं. दार लावलं. काय विचारायचं ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, तो रजेचा अर्ज मंजूर झाला समजून हसत आला होता.

"वाडीवर मत टाकलंस?"

"हो साहेब." अगदी सहज. "दिवसभर कुणी फिरकलं नाही. शेवटच्या तासाला म्हटलं, टाकून घेऊ. कागद कोरा परत आणायचा नाही, असं तुम्हीच तर म्हणाला होतात."

माझ्या पुढ्यात पाण्याचा ग्लास होता. मी तो नुसता सरकवत राहिलो.

"तुला माहीत आहे, त्या वाडीत काय झालंय ते?"

त्याला माहीत नव्हतं. होमगार्ड दुसऱ्या मतदारसंघातला, त्याला असा कागद नव्हता; नाईक मत देताना त्यालाही काही वावगं वाटलं नव्हतं. आणि वाडीच्या मनात तर पोलीस येणं शक्यच नव्हतं. पोलीस म्हणजे खाकी, दाराशी उभी असलेली. ती आत जाऊन बटण दाबते, हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. सगळी वाडी सकाळपासून त्या दारावर डोळे लावून बसली होती, आणि आत असलेला माणूस त्यांना दिसला नाही. त्यांना पाण्याचा तांब्या दिसला.

तो गुरुवार होता. संध्याकाळचे पाच वाजले असतील.

त्याच वेळी निघालो असतो तर दिवेलागणीला वर पोचलो असतो. शुक्रवारी सकाळी डोली खाली आली असती. पण मी फोन उचलला आणि वरिष्ठांना विचारलं. का विचारलं? कारण यंत्रात मत एकच होतं. पोलिसाने दिलं असं सांगितलं की कुणाला दिलं तेही जगजाहीर. हरलेले म्हणणार, पोलीस विकले गेले. नाइकाची चौकशी लागणार, आणि बारनिशीत माझी सही. वरिष्ठ भले माणूस होते. म्हणाले, "घाई करू नका. लेखी काही देऊ नका. मी वर विचारतो." मी जी सर म्हणालो. शुक्रवार गेला. शनिवारी मी दोनदा फोन केला, साहेब मीटिंगमध्ये होते. रविवारी सुट्टी. मी घरी बसून होतो आणि स्वतःला सांगत होतो की आठ दिवस अजून पुरे झालेले नाहीत.

सोमवारी सकाळी परवानगीशिवायच निघालो. यात शौर्य काही नाही, रविवारी झोप लागली नाही एवढंच. ओढ्यापाशी जीप सोडली आणि पलीकडे राख दिसली. ताजी होती. बीट अंमलदाराने टोपी काढली. मी विचारलं, "कुणाची?"

तरीही वर गेलो. देवळाची घंटा वाजवून गावकी जमवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. ते मत माझ्या पोलिसाने दिलं, माझ्या सांगण्यावरून दिलं, तात्यांचा संबंध नाही. लोक ऐकत राहिले. मागे कुठेतरी एक बाई रडायला लागली. प्रमुख उठून उभा राहिला. मग म्हणाला, "नारळ उचलला असता तर तेव्हाच मिटलं असतं." आणि थोड्या वेळाने, "बरं. तसं असंल तर आजपासून तात्या गावात." त्यांना बाहेर काढायला गावकीला अर्धा दिवस बैठक घ्यावी लागली होती. कुणीतरी उठून अंगणातली काट्याची फांदी ओढून बाजूला टाकली.

मी तात्यांच्या घरी गेलो. खाट रिकामी होती, उशा तशाच एकावर एक. शेवटी शेजारच्या वाडीतल्या गुराख्याने दासगावला निरोप पोचवला होता. मुलीच्या सासरची चार माणसं आली ती डोली घेऊनच, पण त्यांना उशीर झाला होता. त्याच बांबूवरून तिला खाली नेलं. वाडीतले लोक दारं लावून आत बसले होते.

देवळातलं बोलणं तात्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी रागाने काही म्हटलं नाही, आणि मी त्याचीच तयारी करून गेलो होतो. त्यांनी एकच विचारलं.

"तुमाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आदल्या दिवशी कळलं म्हटलं असतं तर कुणी तपासणार नव्हतं. पण त्या माणसासमोर जीभ वळली नाही.

"गुरुवारी," मी म्हणालो.

तात्यांनी मान हलवली. "ती शनवारी गेली," ते म्हणाले. "दुपारी."

पुढचं थोडक्यात सांगतो. मी सरकारतर्फे गुन्हा दाखल केला. साक्षीदार एकेक करून फिरले, स्वतः तात्यांनीही आपल्याला काही त्रास झाला नाही असं सांगितलं. आरोपी सुटले. नाइकाची चौकशी झाली, त्याचं काही बिघडलं नाही. मत देणं हा त्याचा हक्कच होता. माझी बदली झाली, ती तशीही होणार होती. मी डॉक्टरांना विचारलं होतं, शुक्रवारी आणली असती तर वाचली असती का. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. आमच्यातला एक सहकारी मला ते वाक्य धरून समजावत असतो. मी ते धरत नाही. रस्ता अजून झालेला नाही. मध्ये परत मोजणी झाली, असं कळलं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला एका कार्यक्रमात विचारलं होतं. मी काहीतरी बोललो, टाळ्या पडल्या. खरं उत्तर त्या सोमवारी तात्यांच्या घरातच मिळालं होतं. आयुष्यभर मी पुढाऱ्यांना नावं ठेवली. गाडीत बसलो की मतदारसंघातल्या एकेकाचा उद्धार करायचो, येतात, बोलतात, जातात म्हणून. आपण त्यांच्यातले नाही, आपण सरकारी माणूस, काम करणारा, असं वाटायचं. मला कुणी निवडून दिलं नव्हतं, आणि तरीही मी अगदी तेच केलं. वर चढून गेलो, पाणी प्यायलो, शब्द दिला, आणि वरून काय म्हणतात याची वाट बघत बसलो.

मी निघणार तेवढ्यात तात्यांनी फळीवरून वही काढली. सगळ्यात शेवटच्या प्रतिनिधीच्या खाली एक ओळ होती, मी आठ दिवस मागितले त्या दिवशी लिहिलेली. पहिल्या रकान्यात, "फौजदार." दुसऱ्यात, "आठ दिवसांत सांगतो म्हणाले." तिसरा कोरा होता. माझ्यासमोर खाली बसून, चष्मा लावून, त्यांनी तो भरला. अक्षर नेहमीसारखंच होतं.

"गुरुवारी कळलं. सोमवारी सांगितलं."